बर्फ फुटल्यावरचें सरोवर आणि बास मासा

आभाळाकडे पाहून पेरणीचा दिवस ठरविणारा शेतकरी आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. जमिनीप्रमाणें पाण्याचीही एक नाडी असते, आणि गळ टाकून बसणाऱ्या मनुष्यास ती ओळखतां आली नाहीं तर त्याचा दिवस फुकट जातो. उत्तर अमेरिकेंतील थंड प्रदेशांत सरोवरांवरील बर्फ फुटल्यानंतर बास नांवाच्या माशाचा शोध घेणें ही एक विद्याच होऊन बसली आहे. प्रस्तुत लेखांत आम्ही तिची ओळख करून देणार आहों. ती निव्वळ करमणुकीची बाब नव्हे. तींत पदार्थविज्ञान आहे, प्राणिशास्त्र आहे आणि शेवटीं मनुष्याच्या संयमाची परीक्षाही आहे.

उदाहरणादाखल अमेरिकेंतील मिशिगन राज्य घेऊं. तेथें लहानमोठीं ११,००० हून अधिक सरोवरें आहेत. हजारों वर्षांपूर्वी हा सर्व प्रदेश प्रचंड हिमनद्यांखालीं दडपला होता. त्या मागें हटल्या तेव्हां त्यांनीं खरवडलेल्या खोलगट जागीं व मागें राहिलेल्या बर्फाच्या ढिगाऱ्यांच्या जागीं पाणी सांचून हीं सरोवरें बनलीं. त्यांपैकीं राज्याच्या अंतर्भागांतील सर्वांत मोठें होटन सरोवर सुमारें २०,००० एकर पसरलेलें आहे. पण त्याची सरासरी खोली फार तर दीड पुरुष भरेल. हिवाळ्यांत अशा सरोवरांवर बर्फाचा इतका जाड थर जमतो कीं त्यावरून माणसें चालत जातात. राज्याच्या दक्षिण भागांत हा बर्फ बहुधा मार्चमध्यें व उत्तर भागांत एप्रिलमध्यें फुटतो.

आतां पाण्याचा एक चमत्कारिक गुण लक्षांत घेतला पाहिजे. बहुतेक द्रव पदार्थ जसजसे थंड होतात तसतसे जड होत जातात. पाणी मात्र ४ अंश सेंटिग्रेडपर्यंतच जड होतें. त्याखालीं तें पुनः हलकें होऊं लागतें, आणि बर्फ तर त्याहूनही हलका असतो. म्हणूनच सरोवर वरून गोठतें, तळापासून नव्हे. बर्फाच्या छपराला लागून असलेलें पाणी ० अंशाजवळ, तर खोल तळचें पाणी ४ अंशांजवळ राहतें, आणि त्यामुळेंच मासे हिवाळाभर जिवंत राहूं शकतात. बर्फ गेला कीं वरचें पाणी तापत तापत ४ अंशांवर येतें व जड होऊन खालीं उतरतें. त्यांत वाऱ्याचा जोर मिळाला म्हणजे ताक घुसळावें तसें सरोवर वरपासून तळापर्यंत घुसळून निघतें, आणि हवेंतील प्राणवायु तळापर्यंत पोहोंचतो. त्यानंतर मात्र जें पाणी अधिक तापेल तें हलकें होऊन वरच राहूं लागतें.

बर्फ गेला म्हणजे सर्व सरोवरांत एकदम वसंत आला, असा पुष्कळांचा समज असतो. वास्तविक सरोवरांत वसंत येतो तो कोपऱ्याकोपऱ्यानें. हंडाभर पाणी उन्हांत ठेवलें तर तें दिवसभर गारच राहतें, पण परातींतलें पाणी घटकाभरांत कोमट होतें, हें आपण घरीं पाहतों. तोच न्याय येथेंही लागू पडतो. मुख्य सरोवर अद्याप बर्फासारखें गार असतां उथळ खाड्यांचें पाणी कांहीं अंशांनीं अधिक तापलेलें असतें. तळाशीं काळा चिखल असेल तर तो ऊन शोषून घेतो व पाणी आणखी लवकर तापतें. त्या प्रदेशांत सूर्य मध्यान्हींही दक्षिणेकडे कललेला असतो. त्यामुळें उत्तरेकडील किनाऱ्यावर ऊन समोरून पडतें, आणि उत्तरेच्या बोचऱ्या वाऱ्यापासून काठावरील झाडी त्याचें रक्षण करिते. सौम्य दक्षिणवारा सुटला म्हणजे तो वरचें कोमट पाणी ढकलीत त्याच किनाऱ्यास आणून सोडतो. म्हणून अनुभवी मनुष्य सरोवराच्या मध्यभागीं नाव न नेतां उत्तरेकडील, उथळ, काळ्या तळाची व वाऱ्यापासून सुरक्षित अशी खाडी प्रथम शोधतो.

असे कोपरे बास माशासही ठाऊक असतात. हा मासा रंगानें हिरवट. अंगावर आडवा काळसर पट्टा. आणि तोंड एवढें रुंद कीं जबडा डोळ्याच्याही मागें जातो. मासे थंड रक्ताचे प्राणी असल्यामुळें पाण्याच्या उष्णतेवर त्यांची सर्व हालचाल अवलंबून असते. ४-५ अंशांच्या पाण्यांत बास जवळ जवळ सुस्त पडून राहतो. खाल्लेलें पचावयास त्याला फार वेळ लागतो, म्हणून तो भक्ष्यामागें धांवत नाहीं. पाणी १० अंशांच्या सुमारास आलें म्हणजे त्याची भूक जागी होते. या दिवसांत पहाटेपेक्षां दुपार अधिक फलदायी ठरते, कारण तोंवर उन्हानें पाणी थोडें तापलेलें असतें. गतवर्षींच्या लव्हाळ्यांचीं वाळकीं खोडें, पाण्यांत पडलेलें झाड किंवा नुकतीच हिरवी होऊं लागलेली पाणवनस्पति यांच्या आडोशास मासा उभा असतो. आमिष लहान असावें व अगदीं सावकाश ओढावें, मध्यें मध्यें थांबावें. घाई करणाऱ्याचें आमिष मासा नुसतें पाहतो. एकाएकीं थंडीची लाट आली तर तो खाडी सोडून तिच्या तोंडाशीं, जेथें उतार सुरू होतो तेथें, किंचित् खोल पाण्यांत सरकतो. येथें एक इशारा देणें आम्हांस अवश्य वाटतें. हवा उबदार भासली तरी त्या वेळचें पाणी प्राणघातक गार असतें. त्यांत पडलेल्या माणसाचे हातपाय थोड्याच वेळांत गळून जातात. म्हणून पट्टीच्या पोहणाऱ्यानेंही तरंगतें जाकीट घातल्यावांचून नावेंत पाऊल ठेवूं नये.

येथपर्यंत विद्या झाली; आतां तिची कसोटी. पाणी १५ ते १८ अंशांवर पोहोंचलें म्हणजे नर मासा उथळ जागीं शेपटीनें तळ झाडून ताटासारखें गोल घरटें करितो. मादी त्यांत हजारों अंडीं घालून निघून जाते, आणि पुढील सर्व राखण एकटा नर करितो. अंड्यांवर गाळ बसूं नये म्हणून तो पर व शेपटी हालवून पाणी खेळतें ठेवतो, जवळ येणाऱ्या प्रत्येकावर तुटून पडतो, आणि पिलें पोहूं लागल्यावरही कांहीं दिवस त्यांच्या सोबत असतो. या रागामुळेंच तो गळास सहज लागतो. बाप माशाला वर काढलें कीं टपून बसलेले सनफिश जातीचे लहान मासे थोड्याच मिनिटांत घरट्यावर धाड घालतात. कॅनडांतील ओपिनिकॉन सरोवराच्या काठीं क्वीन्स विद्यापीठाचें जीवशास्त्र-केंद्र आहे. त्या भागांत बास माशाच्या घरट्यांचें अनेक वर्षें निरीक्षण झालें आहे, आणि मासा पकडून सोडून दिला तरीही पुष्कळदां घरटें उजाड होतें असें त्यांतून दिसून आलें.

कायद्यानेंही या गोष्टीची दखल घेतली आहे. मिशिगनमध्यें २०१५ सालापासून बास मासा वर्षांत केव्हांही पकडून तत्काळ सोडून देण्याची मुभा आहे. परंतु घरीं नेण्याचा हंगाम बहुतेक सरोवरांत मे महिन्याच्या अखेरीस उघडतो. तथापि प्रत्येक खाडीवर पहारा ठेवणें कोणत्याही सरकारास शक्य नाहीं. घरट्यावरील मासा स्वच्छ दिसत असतां त्याच्या वाटेस न जातां नाव वळविणें हें शेवटीं ज्याच्या हातीं गळ त्याच्याच विवेकावर राहतें.

हा प्रश्न केवळ दूरदेशींचा आहे असें मात्र कोणी समजूं नये. आपल्या कोंकणांत व घाटमाथ्यावर मृगाचा पहिला जोरदार पाऊस झाला कीं ओहोळांतून व शेतांतून चढणीचे मासे वर येऊं लागतात, आणि गांवोगांव त्यांना धरण्याची एकच धांदल उडते. तेही अंडीं घालावयासच निघालेले असतात. मासा केव्हां व कोठें सांपडेल हें ज्याला कळतें, त्याच्या हातीं पुढल्या पिढीचा जीवही येतो. आमच्या विद्यार्थिमित्रांनीं पाण्याची नाडी ओळखावयास अवश्य शिकावें, आणि चढणीच्या दिवसांत टोपली अर्धी भरली असतां घराकडे वळण्याचा अभ्यासही वडील माणसांसह करावा.