तिसऱ्या, कालवं आणि न दिसणारा बदल



आमच्या वसईत तिसऱ्या आणि कालवं घरोघरी येतात. चौथीच्या मुलांना मी दोन्हींची कवचं आणायला सांगितली. त्यांवर व्हिनेगर टाकलं, दोन्हीकडे बुडबुडे आले. "म्हणजे दोन्ही एकच ना, बाई?" एका मुलीने विचारलं. मी पटकन "हो" म्हटलं. घरी येऊन वाचलं तेव्हा कळलं, उत्तर अर्धवट होतं.

दोन्ही कवचं मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचीच. पण तिसऱ्यांच्या कवचात त्याची अ‍ॅरागोनाइट ही स्फटिकरचना असते, कालवांच्या कवचात बहुतांशी कॅल्साइट. वर्गातली मुलं रांगेत बसवा नाहीतर गोलात. मुलं तीच, मांडणी वेगळी. तसंच हे.

मग फरक ओळखायचा कसा? इथे अवरक्त किरण कामी येतात. १८०० साली विल्यम हर्शेल यांनी वर्णपटात लाल रंगाच्या पलीकडे थर्मामीटर ठेवला आणि हे न दिसणारे किरण सापडले. स्फटिकातले अणू सतत कंप पावतात. झोपाळ्याला त्याच्या लयीत धक्का दिला तरच तो उंच जातो. तशी प्रत्येक रचना आपल्या लयीशी जुळणारेच किरण शोषते. त्याचा आलेख म्हणजे अवरक्त वर्णपट. प्रति सेंटीमीटर या एककात मोजलं तर अ‍ॅरागोनाइटच्या आलेखात सुमारे ८५७ ला एक खूण आणि ७०० व ७१३ ला जोडी दिसते. कॅल्साइटमध्ये पहिली खूण ८७६ ला सरकते आणि जोडीतली ७१२ च्या जवळची एकटीच उरते.

आता गंमत पाहा. प्रयोगशाळेत अ‍ॅरागोनाइट सुमारे ४०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवलं की ते न वितळता कॅल्साइट होतं. यालाच प्रावस्था संक्रमण म्हणतात. तापवता तापवता आलेख घेत गेलं, तर ७०० ची खूण पुसट होत जाते, ८७६ ची वाढते. बदल कधी सुरू झाला, कधी पूर्ण झाला, ते तिथेच दिसतं. (घरी शिंपले तापवू नका, व्हिनेगरचा प्रयोग पुरे!)

दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं, "काल बाईंचं उत्तर अर्धवट होतं. पदार्थ एकच, रचना वेगळी." ती मुलगी म्हणाली, "म्हणजे वितळल्याशिवायपण बदलतं?"

आपण स्थायू, द्रव, वायू शिकवून थांबतो. स्थायूतही बदल घडतात, एवढं वाक्य पुढच्या वेळी जरूर जोडा. आणि उत्तर चुकलं तर मुलांसमोर ते दुरुस्तही करा.