पूल बांधणाऱ्या शकुंतलाबाई

वर्धा जिल्ह्यातील आष्टीच्या परिसरात उन्हाळ्यात कोरडे पडणारे ओढे-नाले पावसाळ्यात दुथडी भरून वाहू लागतात. पूर आला की वाट अडते. बाजाराला निघालेला शेतकरी, शाळेला निघालेली मुले आणि दवाखान्यात न्यावयाचा रोगी, सारेच अलीकडच्या काठावर खोळंबतात. पुलाचे मोल अशा वेळी कळते. पुलाचा आराखडा आखणे व तो भक्कम बांधून घेणे हे स्थापत्य अभियंत्याचे काम होय. हे काम पुरुषांचेच, अशी समजूत भारतात फार काळ रूढ होती. ती समजूत ज्या स्त्रियांनी खोटी ठरविली, त्यांपैकी शकुंतलाबाई भगत या एक होत.

शकुंतलाबाईंचा जन्म १९३३ साली झाला. त्यांचे वडील एस. बी. जोशी हे पूलबांधणीतील नामांकित अभियंते होते. घरात ही विद्या होती. परंतु त्या काळी अभियांत्रिकीची दारे मुलींसाठी सहजासहजी उघडत नसत. १९४० नंतरच्या दशकात मद्रासच्या गिंडी महाविद्यालयातून ललिता नावाची तरुणी विद्युत अभियंता झाली. तेव्हा तिच्या प्रमाणपत्रावर इंग्रजीत ‘तो’ हा शब्द छापलेला होता. पदवी घेणारा पुरुषच असणार, असे गृहीत धरलेले होते! तो शब्द खोडून ‘ती’ असे करावे लागले.

अशा काळात १९५३ साली शकुंतलाबाईंनी मुंबईच्या व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधून स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी मिळविली. पुढे अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात त्यांनी उच्च शिक्षण घेतले. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत त्या अध्यापन करू लागल्या.

डोंगराळ प्रदेशात अवजड तुळया वाहून नेणे अतिशय कठीण असते. त्यावर शकुंतलाबाई व त्यांचे पती अनिरुद्ध भगत यांनी एक युक्ती शोधून काढली. पोलादाचे ठरावीक मापांचे सुटे भाग कारखान्यात तयार करावयाचे, ते जागेवर नेऊन जोडावयाचे आणि त्यांच्यापासून हव्या त्या लांबी-रुंदीचा पूल उभा करावयाचा, अशी ती पद्धत होती. १९७० साली त्यांनी ‘क्वाड्रिकॉन’ ही संस्था स्थापन केली. परंतु कधी न पाहिलेल्या पुलावर विश्वास कोण ठेवणार? सरकारी खाती पैसा गुंतविण्यास कचरू लागली. तेव्हा पतिपत्नींनी पदरचा पैसा घातला. १९७२ साली हिमाचल प्रदेशातील स्पिती भागात त्यांनी अवघ्या चार महिन्यांत दोन लहान पूल उभे केले. ते पाहून इतरांची शंका फिटली. १९७८ पर्यंत काश्मीरपासून अरुणाचल प्रदेशापर्यंत त्यांचे ६९ पूल तयार झाले.

नव्या पुलाची जी अडचण, तीच स्त्री अभियंत्याची. दोघांनाही पारख होण्याआधीच नकार मिळे. १९७४ साली पुण्याच्या टेल्को कारखान्याच्या जाहिरातीत, स्त्रियांनी अर्ज करू नये, असे म्हटले होते. सुधा कुलकर्णी या विद्यार्थिनीने थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहून त्याबद्दल जाब विचारला. तिला मुलाखतीला बोलावणे आले. परीक्षकांच्या प्रश्नांची तिने नीट उत्तरे दिली आणि तिची निवड झाली. हीच मुलगी पुढे लेखिका सुधा मूर्ती म्हणून प्रसिद्धीस आली.

आज असंख्य मुली अभियांत्रिकी शिकतात. तरीही दूरच्या बांधकामावर राहण्याची सुरक्षित सोय नसणे, ‘हे तुला जमेल का?’ असा प्रश्न पुन्हा पुन्हा ऐकावा लागणे, या अडचणी अनेकींच्या वाट्याला येतात.

शकुंतलाबाई २०१२ साली निवर्तल्या. पुलावरून मालाने भरलेली गाडी जाते, तेव्हा पूल बांधणाऱ्याची परीक्षा होते. गणित चुकले असेल, तर पूल खचतो. ते बरोबर असेल, तर तो भार पेलतो. आराखडा पुरुषाने आखला की स्त्रीने, हे पोलाद विचारीत नाही. माणसांनीही ते विचारू नये.