हातऔजारांची निवड : पाते, दांडा आणि काम करणारा हात

शेतीची औजारे म्हटली म्हणजे नांगर, पाभर, मळणीयंत्र आणि ट्रॅक्टर यांकडेच आपले लक्ष प्रथम जाते. त्यांच्या खरेदीसाठी शेतकरी चार दुकाने हिंडतो, भावाची चौकशी करतो, प्रसंगी कर्जही काढतो. विळा, खुरपे, कुदळ, फावडे, कुऱ्हाड ही औजारे मात्र आठवड्याच्या बाजारातून परतताना, पिशवीत जागा उरली तर, घाईघाईने उचलली जातात. वास्तविक माणसाचा हात वर्षातून जितके दिवस खुरप्याच्या मुठीवर असतो, तितके दिवस तो दुसऱ्या औजारावर क्वचितच असतो. शिवाय हा हात बहुधा खरेदी करणाऱ्याचा नसतो. निंदणी, खुरपणी व कापणी ही कामे आपल्याकडे मुख्यतः स्त्रिया करतात. बाजारात मोल ठरविणारा मात्र पुरुष असतो.

एका गावी प्रात्यक्षिकाच्या वेळी आम्ही पोत्यावर सहा खुरपी मांडून ठेवली होती. घरधन्याने त्यांतील रुंद पात्याचे, रंगविलेल्या मुठीचे व वजनदार खुरपे निवडले. नंतर त्याच्या पत्नीस विचारले असता तिने प्रत्येक खुरपे हातात धरून मातीत दोनचार वेळा चालविले आणि दिसण्यात सर्वांत सामान्य असे एक हलके खुरपे बाजूला काढले. कारण विचारता ती म्हणाली, “संध्याकाळपर्यंत ते मला धरायचंय, त्यांना नाही.” औजारांच्या खरेदीसंबंधी याहून अधिक शास्त्रशुद्ध सल्ला आम्हास तरी देता आला नसता.

वजनाचा हिशेब करून पाहू. निंदणी करणारी स्त्री मिनिटाला ३० वेळा खुरपे चालविते व दिवसाचे ५ तास असे काम करते असे धरले, तर एका दिवसात ९,००० वेळा हात उचलावा लागतो. खुरपे गरजेपेक्षा केवळ १०० ग्रॅम जड असले, तरी दिवसाकाठी ९०० किलो म्हणजे ९ क्विंटल इतका जादा भार तिच्या मनगटाने उचलला असे होते. तेव्हा “जड तेवढे मजबूत” ही समजूत खुरपे व विळा यांच्या बाबतीत सोडून दिली पाहिजे. कुदळ, टिकाव व कुऱ्हाड यांचे मात्र वेगळे आहे. तेथे घाव घालण्यास वजनाचेच साहाय्य होते.

पात्याची परीक्षा

पाते कोणत्या लोखंडाचे आहे हे नुसत्या चकाकीवरून कळत नाही. साध्या मऊ लोखंडात कार्बनाचे प्रमाण अत्यल्प असल्याने त्याला कितीही पाणी दिले तरी ते कठीण होत नाही व त्याची धार दोन दिवसांत वळते. उलट, ज्या पोलादात कार्बन पुरेसा असतो ते तांबडेलाल तापवून पाण्यात वा तेलात बुडविले की कठीण होते. परंतु तेवढ्यावरच थांबल्यास ते काचेसारखे ठिसूळ बनते. म्हणून जाणता लोहार ते पुन्हा मंद आचेवर तापवितो. त्या वेळी घासून उजळ केलेल्या भागावर प्रथम गवती पिवळा, मग तपकिरी व जांभळा आणि शेवटी निळा असे रंग क्रमाने उमटतात. योग्य रंगावर ताव थांबविण्यातच त्याचे कसब असते.

खरेदीदाराने एक लहान कानस खिशात ठेवावी आणि दुकानदाराच्या संमतीने धारेच्या कडेवर हलकेच फिरवून पाहावी. कानस लोण्यात शिरावी तशी शिरली तर पाते मऊ आहे असे समजावे. ती नुसती घसरत राहिली तर पाते फाजील कठीण असून दगडावर आपटताच तुकडा उडण्याचा संभव असतो. कानस लागते, पण सावकाश लागते, असे पाते पसंत करावे. मूठ न बसविलेले पाते दोन बोटांत सैल धरून त्यावर टिचकी मारल्यास खणखणीत आवाज आला पाहिजे. आवाज बद्द आला तर कोठेतरी तडा आहे असा संशय घ्यावा.

मोटारगाडीच्या कमानीच्या जुन्या पाट्यांपासून खेडोपाडीचे लोहार जी खुरपी व कोयते घडवितात, ती पुष्कळदा कारखान्याच्या मालास हार जात नाहीत. कारण ते पोलाद मुळातच चिवट असते. मात्र पाणी देणारा हात अनुभवी हवा. कारखान्यात बनलेली कुदळ वा फावडे घेताना भारतीय मानक ब्यूरोचे आय. एस. आय. चिन्ह असल्यास ते पाहून घ्यावे.

मूठ व दांडा

पात्याची एवढी चौकशी करणारा शेतकरीसुद्धा दांड्याकडे दुर्लक्ष करतो आणि बहुतेक अपघात तेथेच होतात. खुरप्याचे किंवा विळ्याचे मुठीत जाणारे टोक आखूड असेल तर पावसाळ्यात लाकूड फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि मूठ खुळखुळू लागते. टोक मुठीच्या आरपार जाऊन मागे वळवून ठोकलेले असावे व मुठीच्या तोंडाशी लोखंडी कडे असावे. मूठ पकडल्यावर अंगठ्याचे टोक मधल्या बोटाच्या टोकावर सहज टेकले पाहिजे. न टेकल्यास ती त्या हातास जाड आहे. ही परीक्षा जिच्या हातासाठी खरेदी करावयाची तिनेच करावयाची असल्याने तिला बाजारात बरोबर नेणे इष्ट होय.

दांड्यासाठी बाभूळ, धावडा यांसारखे चिवट लाकूड उत्तम. लाकडाचे रेषे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ गेलेले असावेत. ते मध्येच तिरपे होऊन बाहेर पडत असतील, तर दांडा तेथेच मोडेल. रंगविलेला दांडा शक्यतो घेऊ नये, कारण रंगाखाली गाठी व चिरा दडविता येतात. तासून गुळगुळीत केलेल्या कोऱ्या दांड्यास जवसाचे तेल चोळले म्हणजे तो टिकतो आणि हाताला फोडही कमी येतात.

टिकावाचा दांडा वरच्या टोकास जाड असतो. लोखंड खालून सरकवीत नेले की ते वर घट्ट बसते व प्रत्येक घावासरशी अधिकच आवळते. कुऱ्हाड पाचरीवर अवलंबून असते. पाचर सैल होताच नेढ्यात खिळे किंवा चिंध्या ठोकण्याची आणि रात्रभर औजार पाण्यात बुडवून ठेवण्याची रीत सर्वत्र आढळते. पाण्याने लाकूड फुगून तात्पुरते घट्ट बसते हे खरे. परंतु फुगलेले रेषे नेढ्याच्या लोखंडावर चेपले जातात व वाळल्यावर दांडा पूर्वीपेक्षाही सैल होतो. असे सैल पाते घाव घालताना निसटले तर समोर उभ्या असलेल्या सोबत्यावर जीवघेणा प्रसंग येतो. नवीन दांड्याची किंमत दवाखान्याच्या एका फेरीहूनही कमी असते. मातीने माखलेल्या पात्याची जखम लहान दिसली तरी धनुर्वाताची लस टोचून घेण्यास विलंब करू नये.

दातेरी विळा

भात, गहू यांसारख्या बारीक ताटाच्या पिकांसाठी दातेरी विळे सोयीचे आहेत. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा ‘वैभव’ विळा याच प्रकारचा आहे. याने घाव घालावयाचा नसून मुठीत धरलेली ताटे ओढून कापावयाची असतात. त्याला साध्या विळ्याप्रमाणे दगडावर घासू नये, दाते नाहीसे होतील. जाड ताटाच्या पिकासाठी तो घेऊन निराशा पदरी पाडून घेऊ नये; तेथे साधा वजनदार विळाच हवा. दाते बहुधा पात्याच्या एकाच अंगास पाडलेले असल्याने डावखुऱ्या व्यक्तीस नेहमीचा विळा नीट चालत नाही. तिच्यासाठी उलट्या अंगाचा विळा मागून घ्यावा.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी महिला बचत गटांना एकत्रित मागणी नोंदविण्यास सुचवावे. दहावीस खुरप्यांची मागणी एकदम आली तर लोहार मुठीच्या मापाप्रमाणे वेगवेगळी खुरपी घडवून देतो. ही मागणी चैत्रातच द्यावी. मृगाच्या तोंडावर फाळ शेवटून घेणाऱ्यांची भात्यापुढे रांग लागते आणि मग मुठीचे माप घेण्यास लोहाराला सवड राहत नाही.