देखाव्याचा नामफलक कसा लिहावा

निवासी शाळेत प्रदर्शन भरते तेव्हा विद्यार्थी पुठ्ठा, माती, लाकडाचा भुसा आणि रंग यांतून एखादी लेणी, एखादे तळे किंवा एखादे गाव हातभर फळीवर उभे करतात. त्या श्रमाला आठवडे लागतात. नामफलक मात्र बहुधा उद्घाटनाच्या आदल्या रात्री, उरलेल्या कागदाच्या तुकड्यावर लिहिला जातो. पाहुणा देखाव्यापुढे क्षणभर थांबतो, फलक वाचतो आणि त्यातले शब्द घेऊन पुढे जातो. म्हणून नामफलक हा देखाव्याच्या अभ्यासाचाच भाग मानला पाहिजे.

भरहुतचा धडा

दृश्याला नाव देण्याची रीत आपल्या देशात जुनी आहे. मध्य प्रदेशातील भरहुत येथील स्तूपाचे अवशेष अलेक्झांडर कनिंगहॅम यांना १८७३ मध्ये आढळले. त्याचे कोरीव कठडे आज कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये आहेत. त्यांतील अनेक शिल्पांशेजारी ब्राह्मी लिपीत लहान लहान लेख आहेत. एका वर्तुळाकार शिल्पात बैलगाडी आहे, माणसे जमिनीवर नाणी पसरत आहेत आणि वृक्षांजवळ लोक उभे आहेत. शेजारचा लेख सांगतो की अनाथपिंडिकाने कोट्यवधी नाणी अंथरून जेतवन विकत घेतले व ते दान केले. स्थळ, व्यक्ती आणि कृती या तिन्ही गोष्टी एका ओळीत आल्या. अशा लेखांमुळेच सुमारे दोन हजार वर्षांनंतर अभ्यासकांना यांतील कितीतरी दृश्ये निश्चितपणे ओळखता आली. चांगल्या नामफलकाचा हाच नमुना होय.

काय लिहावे

फलकावर प्रथम प्रसंगाचे नाव, मग स्थळ व दिनांक, मग एका वाक्यात कृती आणि शेवटी प्रमाण व करणाऱ्यांची नावे असावीत. एकंदर मजकूर चाळीस शब्दांच्या आत बसवावा.

महाडच्या चवदार तळ्याचा देखावा उदाहरणादाखल घेऊ. ‘पाणी पिण्याची परवानगी मिळाली’ असे लिहिले, तर वाक्य सोपे वाटेल, पण इतिहास चुकेल. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये संमत केला होता. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे खुले केल्याचा ठरावही केला होता. कागदावर असलेला हक्क प्रत्यक्षात मात्र नाकारला जात होता. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांच्यासोबतच्या लोकांनी तळ्याचे पाणी प्राशन केले, तेव्हा त्यांनी कोणाकडे परवानगी मागितली नाही. त्यांनी हक्क बजावला. ‘परवानगी मिळाली’ आणि ‘हक्क बजावला’ या दोन क्रियापदांत माणसाच्या प्रतिष्ठेचे अंतर आहे. फलक लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला ते अंतर समजले, तर त्याला इतिहास समजला.

स्थळाचे नावही काळाला धरून द्यावे. १९२७ मध्ये महाड कुलाबा जिल्ह्यात होते. त्याच जिल्ह्याला आज आपण रायगड म्हणतो. दोन्ही नावे दिली म्हणजे वाचकाचा गोंधळ होत नाही.

अक्षर, आकार आणि जागा

देखावा लहान प्रमाणात असतो, म्हणून फलकही इवलासा करण्याचा मोह होतो. कार्ल्याचे चैत्यगृह सुमारे ३८ मीटर लांब आहे. १:५० प्रमाणात ते ७६ सेंटिमीटर होईल आणि त्यातील माणूस साडेतीन सेंटिमीटरचाही भरणार नाही. पण फलक त्या इवल्या माणसांसाठी नसून समोर उभ्या असलेल्या वाचकासाठी असतो. त्याचे माप वाचकाच्या अंतरावरून ठरते. वाचनाच्या अंतराला २०० ने भागावे, हा सोपा आडाखा आहे. एक मीटरवरून वाचायचे असेल, तर अक्षराची उंची किमान ५ मिलिमीटर ठेवावी आणि शीर्षक त्याच्या दुप्पट असावे.

देवनागरीत वेलांट्या व अनुस्वार शिरोरेखेच्या वर, तर उकार खाली येतात. म्हणून दोन ओळींत मोकळी जागा सोडावी आणि फलकाच्या कडेपासूनही अंतर राखावे. संगणकावर अक्षरांमधले अंतर ताणू नये, कारण त्याने शिरोरेखा तुटते. मजकूर युनिकोडमध्ये टंकलिखित करून पीडीएफ स्वरूपात छपाईला द्यावा. तसे न केल्यास दुसऱ्या संगणकावर जोडाक्षरे विस्कटण्याचा धोका असतो.

कागद चकचकीत नसावा, कारण दिव्याच्या उजेडात तो वाचता येत नाही. फिकट पार्श्वभूमीवर गडद अक्षरे घ्यावीत. छापलेला कागद सनबोर्डावर दुहेरी चिकटपट्टीने बसवावा, कारण पाण्याच्या गोंदाने त्याला सुरकुत्या पडतात. कापताना पोलादी पट्टी धरून धारदार पात्याने हलके हलके तीन-चार वेळा ओढावे. हे काम मोठ्यांच्या देखरेखीखाली व्हावे. फलक देखाव्याच्या पुढच्या कडेला, किंचित मागे कललेला ठेवावा, म्हणजे उंच पालकाला आणि लहान मुलालाही तो वाचता येतो.

छपाईपूर्वी मजकूर दोघांनी तपासावा. एकाने मोठ्याने वाचावे, दुसऱ्याने नावे व दिनांक मूळ पुस्तकाशी ताडून पाहावेत.

करणाऱ्यांची नावे

कार्ल्याच्या लेण्यात धेनुकाकट येथील सामी नावाच्या सुताराचा लेख आहे. दर्शनी भागातील दाराचे काम आपण केले, असे तो सांगतो. तेथेच सिंहदत्त नावाच्या गंध्याने दिलेल्या दानाचीही नोंद आहे. देणाऱ्याला आणि घडवणाऱ्याला एकाच भिंतीवर जागा मिळाली, म्हणून त्या सुताराचे नाव आजही आपल्याला वाचता येते. आपल्या प्रदर्शनांत देणगीदारांची नावे ठळक असतात, ते योग्यच आहे. परंतु ज्यांनी माती मळली, झाडे चिकटवली, मापे घेतली, त्या मुलामुलींची पूर्ण नावे ‘इयत्ता आठवी’ या दोन शब्दांत विरून जाऊ नयेत.

वसतिगृहात राहून शिकणाऱ्या कितीतरी मुलांचे नाव घराबाहेर प्रथमच छापून येते ते अशा फलकावर. ते शुद्ध, पूर्ण आणि वाचता येईल अशा अक्षरात असावे, एवढी काळजी आपण सर्वांनी घ्यावी.