वन्यजीवपट आणि परिसरपाठ

इंग्लंडातील ब्रिस्टल येथे बी. बी. सी. या संस्थेने १९५७ साली स्थापन केलेला निसर्गेतिहास विभाग दूरचित्रवाणीसाठी वन्यजीवपट तयार करतो. काही क्षणांच्या दृश्यासाठी छायाचित्रकार दिवसचे दिवस आडोशाला बसून राहतो. ती प्रतीक्षा पडद्यावर दिसत नाही. पंखांचा फडफडाटदेखील पुष्कळदा मागाहून जोडलेला असतो. २०११ साली ‘फ्रोझन प्लॅनेट’ या मालिकेत ध्रुवीय अस्वलाची नवजात पिले दाखविली. ते चित्रण नेदरलँड्समधील प्राणिसंग्रहालयातील होते व निवेदनात तसे सांगितले नव्हते, म्हणून टीका झाली. रानातील गुहेत कॅमेरा नेणे पिलांच्या जिवावर बेतले असते, हे उत्तरही विचारात घेण्याजोगे आहे. परंतु मग तसे सांगावयास काय हरकत होती?

वर्गात असा पट दाखविताना शिक्षकांनी हा भेद मुलांपुढे अवश्य मांडावा. विंचूर परिसरातील शाळांना नांदूरमध्यमेश्वरचा जलाशय निफाड तालुक्यातच लाभला आहे. त्याचा समावेश पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत झाला. हिवाळ्यात एके सकाळी मुलांना तेथे न्यावे. पक्षी उडवू देऊ नयेत. अर्धा तास शांत बसवून, जे प्रत्यक्ष दिसेल तेवढेच वहीत लिहवून घ्यावे. काहीच दिसले नाही, तर तशी नोंद करावी.