अणू दिसला, पण तो कोणत्या मूलद्रव्याचा?



पुण्यात येरवड्याला डेक्कन कॉलेज आहे. उत्खननात सापडलेल्या प्राचीन वस्तूंचा तेथे अभ्यास होतो. समजा, धातूची एखादी हिरवी पडलेली वस्तू हाती आली. ती निव्वळ तांब्याची, की कथील मिसळलेल्या काशाची? हे ठरवायला तिचा चिमूटभर कीसही पुष्कळ झाला. पण एक मिलिग्रॅम तांब्यात अणू किती असतात, ठाऊक आहे? ९५ या आकड्यापुढे १७ शून्ये द्या, सुमारे तितके! एवढ्या अणूंचा एकत्रित गुणधर्म मोजणे सोपे. एकच रेणू समोर असेल, तर त्यातील अणू कसे ओळखावेत?

चाचपून पाहणारा सूक्ष्मदर्शक

१९८१ साली झुरिचजवळच्या आय.बी.एम.च्या प्रयोगशाळेत गेर्ड बिनिग आणि हाइनरिख रोरर यांनी एक नवा सूक्ष्मदर्शक तयार केला. १९८६ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. या उपकरणात भिंग नसते. धातूच्या तारेचे अतिशय अणकुचीदार टोक पृष्ठभागापासून एक नॅनोमीटरहूनही कमी अंतरावर आणतात. मधे पोकळी असूनही, थोडासा विद्युत्दाब दिला की इलेक्ट्रॉन पलीकडे जातात. अंतर ०.१ नॅनोमीटरने वाढले, तर हा प्रवाह सुमारे दहापटीने घटतो. म्हणूनच टोक फिरवीत नेले की अणूंचे उंचवटे कळतात.

येरवड्याहून नदी ओलांडून गणेशखिंडीकडे गेलो की पुणे विद्यापीठ लागते. तेथील भौतिकशास्त्र विभागात सी. व्ही. धर्माधिकारी यांनी या सूक्ष्मदर्शकावर संशोधन केले. पुढे पाषाणला आयसर ही संस्था आहे. तेथे अपर्णा देशपांडे यांच्या प्रयोगशाळेत याच तंत्राने पृष्ठभागावरील रेणूंचा अभ्यास चालतो.

मात्र एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. अशा चित्रांतले रंग संगणकाने भरलेले असतात. उंचवटा दिसतो, पण त्यावर नाव लिहिलेले नसते. नाव कळण्यासाठी अणूची एखादी खास खूण शोधावी लागते.

पहिली खूण : कंपन

रेणूतील दोन अणूंमधला बंध स्प्रिंगसारखा असतो. स्प्रिंगला जड वजन लावले की आंदोलने मंदावतात, हे तुम्ही जाणताच. १९९८ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात विल्सन हो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचाच उपयोग केला. त्यांनी तांब्याच्या पृष्ठभागावर उणे २६५ अंश सेल्सिअस तपमानाला ॲसिटिलीनचे रेणू ठेवले. काहींत साधा हायड्रोजन होता, तर काहींत त्याचा दुप्पट जड समस्थानिक ड्यूटेरियम. नेहमीच्या चित्रात दोन्ही रेणू सारखेच दिसले. मग टोक एकेका रेणूवर स्थिर धरून त्यांनी विद्युत्दाब वाढवला. इलेक्ट्रॉनची ऊर्जा बंध कंपित करण्याइतकी झाली की प्रवाहात किंचित बदल होतो. साध्या रेणूत हा बदल ३५८ मिलिव्होल्टला आढळला, जड रेणूत २६६ ला.

आता गणित करू. बंधाच्या दोन्ही टोकांचे अणू हलतात. म्हणून दोन्ही वस्तुमानांचा गुणाकार भागिले बेरीज, हे 'परिणामी वस्तुमान' घ्यावे लागते. कार्बन-हायड्रोजनसाठी ते १२/१३, म्हणजे ०.९२३ येते आणि कार्बन-ड्यूटेरियमसाठी २४/१४, म्हणजे १.७१४. यांचे गुणोत्तर १.८६ व त्याचे वर्गमूळ १.३६. प्रयोगातील गुणोत्तर ३५८ भागिले २६६, म्हणजे १.३५! थोडा फरक उरतो, कारण रासायनिक बंध ही काही आदर्श स्प्रिंग नव्हे.

दुसरी खूण : ओढ

सिलिकॉन, कथील आणि शिसे ही मूलद्रव्ये आवर्तसारणीच्या एकाच उभ्या स्तंभात येतात. तिघांच्याही बाह्य कक्षेत चार इलेक्ट्रॉन असतात. त्यांचे अणू एकाच पृष्ठभागावर मिसळले, तर केवळ उंचीवरून ओळख पटवणे अवघड. २००७ साली जपानमधील ओसाका येथील शास्त्रज्ञांनी बलमापक सूक्ष्मदर्शकाने प्रत्येक अणू टोकाला जास्तीत जास्त किती ओढतो, ते मोजले. टोक बदलले की हे बल बदले, गुणोत्तर मात्र बदलत नसे! सिलिकॉनची ओढ १ मानली, तर कथिलाची ०.७७ आणि शिशाची ०.५९. वजनमापे झिजली असली तरी दोन पोत्यांच्या वजनांचे गुणोत्तर बरोबर येते, तसेच हे.

तिसरी खूण : आतले इलेक्ट्रॉन

बाहेरचे इलेक्ट्रॉन बंधात गुंततात. आतले मात्र आपल्या मूलद्रव्याची ओळख सहसा सोडत नाहीत. त्यांना उचकटायला ठरावीक ऊर्जेचे क्ष-किरण लागतात : लोहाला सुमारे ७१० इलेक्ट्रॉन-व्होल्ट, टर्बियमला सुमारे १२४०. २०२३ साली अमेरिकेतील अरगॉन प्रयोगशाळेत सॉ-वाई ह्ला यांच्या गटाने सूक्ष्मदर्शकाच्या टोकाखाली क्ष-किरण सोडले. त्यांनी एकेका रेणूत बसवलेला लोहाचा एक अणू आणि टर्बियमचा एक अणू ओळखून दाखवला. टोक अणूवरून बाजूला सरकवले की खूण नाहीशी होई. याच ह्ला यांच्याबरोबर २००७ साली अपर्णा देशपांडे यांनी टोकाच्या साह्याने एकेक अणू वेगळा काढण्याच्या प्रयोगावर शोधनिबंध लिहिला होता.

या तिन्ही पद्धतींना मर्यादा आहेत. स्वच्छ पृष्ठभाग लागतो, बहुधा अतिशीत तपमान लागते, आणि कोणताही अनोळखी रेणू ठेवून त्यातील सगळे अणू झटपट ओळखता येतात, असे नाही. पण उत्प्रेरकाचे काम पुष्कळदा मोजकेच अणू करतात. ते कोणते, हे कळले तरच त्यात सुधारणा करता येईल. दिसणे ही पहिली पायरी झाली. ओळखणे ही त्यापुढची.

करून पाहा

१. स्प्रिंगला आधी १०० व मग २०० ग्रॅम वजन टांगा. प्रत्येक वेळी २० आंदोलनांना लागणारा वेळ मोजा. दोन वेळांचे गुणोत्तर १.४ च्या जवळ येते का?

२. ऑक्सिजन-हायड्रोजन व ऑक्सिजन-ड्यूटेरियम या बंधांच्या कंपनांचे गुणोत्तर काढा. (उत्तर : सुमारे १.३७)