चर्चिलचे अग्निबाण केंद्र

अग्निबाण म्हटला की युद्ध किंवा उपग्रह आठवतो. संशोधक अग्निबाणाचे काम याहून निराळे असते. उपकरणे घेऊन तो वर जातो, काही मिनिटे मोजमाप करतो आणि खाली पडतो. फुगा जेथवर पोचत नाही आणि उपग्रह जेथे टिकत नाही, त्या पट्ट्याची प्रत्यक्ष मोजमापे याच साधनाने मिळतात. आपल्याकडे १९६३ साली थुंबा येथून असा पहिला अग्निबाण उडाला. चुंबकीय विषुववृत्त तेथून जवळ जाते, हे त्या निवडीचे कारण. कॅनडातील चर्चिलची निवडही आकाश पाहूनच झाली. मात्र तेथे आकर्षण होते ते ध्रुवीय प्रकाशाचे.

मॅनिटोबा प्रांतात हडसन उपसागराच्या काठी अमेरिकी सैन्याने १९४२ साली तळ उभारला. युद्धानंतर तेथे थंड प्रदेशातील लष्करी चाचण्या होऊ लागल्या. ध्रुवीय प्रकाशाच्या वेळी रेडिओ संदेशवहन विस्कळीत होई. उत्तरेकडून हल्ल्याची भीती बाळगणाऱ्या सेनेला हे परवडणारे नव्हते. आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षाच्या (१९५७-५८) निमित्ताने अमेरिकी लष्कराने १९५६ मध्ये येथे प्रक्षेपण केंद्र सुरू केले. शास्त्रज्ञांची जिज्ञासा आणि सेनेची निकड यांची अशी गाठ पडली. एरवी त्या ओसाड किनाऱ्यावर एवढा खर्च कोणी केला असता, याची शंकाच आहे.

त्या खर्चाचे चीज झाले. १९५८ साली कार्ल मॅकइल्वेन यांनी येथून थेट ध्रुवीय प्रकाशात अग्निबाण सोडले. तो प्रकाश मुख्यतः वरून वेगाने येणाऱ्या इलेक्ट्रॉनांमुळे उजळतो, हे त्यांच्या मोजमापांतून दिसून आले. १९५९ साली कॅनडाच्या ‘ब्लॅक ब्रँट’ अग्निबाणाची पहिली चाचणीही येथेच झाली. या मालिकेतील अग्निबाण आजही वापरात आहेत.

केंद्राला मात्र स्थैर्य लाभले नाही. भूभौतिकी वर्ष सरताच ते बंद झाले, १९५९ मध्ये उघडले, १९६० साली आगीत त्याची मोठी हानी झाली. पुढे ते अमेरिकी हवाई दलाकडे आणि १९७० साली कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेकडे गेले. १९८०च्या दशकात नियमित उड्डाणे थांबली. तोवर साडेतीन हजारांच्या आसपास अग्निबाण उडाले होते. १९८८ मध्ये ते राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ ठरले. १९९८ साली एका खासगी कंपनीने एक अग्निबाण सोडला, पण ती योजनाही तेथेच संपली.

१९७६ साली स्थापन झालेल्या उत्तर प्रदेश अभ्यास केंद्राने याच परिसरातील जुन्या इमारतींत बस्तान बसविले. २०११ पासून त्याची स्वतःची नवी वास्तू आहे. ध्रुवीय अस्वले आणि गोठलेली जमीन हे आता तेथील अभ्यासाचे विषय आहेत.